मल्लाचा गुडघा व वैद्याचा हात

शाहू छत्रपतींनीं १९०२ सालीं विलायतेच्या प्रवासांत रोमचें कोलोसियम पाहिलें, आणि १९१२ सालीं कोल्हापुरांत खासबागचें कुस्ती-मैदान उभें राहिलें. तेव्हांपासून तेथील तांबड्या मातींत किती गुडघे पिळवटले, याची गणती कोण ठेवणार! पाऊल रोवलेलें आणि धड फिरलेलें. आंत 'कट्' असा आवाज होतो व गुडघा सुजतो. 'मुरगळला' म्हणून तो शेकावयाचा, एवढेंच बहुधा घडतें.

परंतु दोन तासांच्या आंत आलेली सूज प्रायः रक्ताची असते. सांध्यांत फुलीसारखे गेलेले दोन अस्थिबंध असतात. त्यांतील पुढचा तुटल्याची ती मोठी खूण होय. क्ष-किरणांना हाड दिसतें, बंध दिसत नाहीं. चित्र निर्दोष येतें, मल्ल आखाड्यांत परततो, आणि ऐन डावांत सांधा दगा देतो.

येथें कसोटी हाताची. गुडघा काटकोनांत वाकवून नडगी ओढण्याची रीत ताज्या दुखापतींत पुष्कळदां फसते. वेदनेनें मांडीमागचे स्नायू नडगीला आवळून धरतात. गुडघा किंचितच वाकवावा, हें जॉर्ज नूलिस यानें पॅरिसच्या प्रबंधांत १८७५ सालींच लिहिलें होतें. खासबाग बांधलें गेलें तेव्हां तें विस्मृतींत पडलें होतें. १९७६ सालीं अमेरिकेंत जोसेफ टॉर्ग यानें तीच युक्ति आपले गुरु जॉन लॅकमन यांच्या नांवें प्रसिद्ध केली: वाक वीस-तीस अंश, एक हात मांडीवर, दुसरा नडगीवर, नडगी पुढें सरकून टणक अटकाव लागला नाहीं, तर बंध तुटला असें समजावें.

सांधाच निखळला असेल, तर मात्र आधीं पावलाची नाडी पाहावयाची. गुडघ्यामागील रोहिणी फाटली असतां कांहीं तासांत पाय गमावण्याची पाळी येते.