फ्लू झालाय? टॅमीफ्लू कोणी आणि कधी घ्यावी?

२००९मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूची साथ आली आणि टॅमीफ्लू हे नाव घरोघरी पोहोचलं. पण फ्लू झालेल्या प्रत्येकाला हे औषध लागत नाही.

काम कसं करतं?
टॅमीफ्लू म्हणजे ओसेल्टामिविर. ते विषाणूला एका पेशीतून दुसऱ्या पेशीत पसरू देत नाही. म्हणूनच लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केल्यास जास्त फायदा होतो. धडधाकट माणसाचं आजारपण मात्र साधारण एकाच दिवसाने कमी होतं.

कोणी थांबू नये?
गरोदर महिला, पाच वर्षांखालची मुलं, ज्येष्ठ नागरिक आणि मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी लगेच डॉक्टरांना दाखवावं. धाप लागल्यास थेट रुग्णालय गाठावं. तिथे ४८ तास उलटल्यावरही औषध दिलं जातं.

दुसरे पर्याय?
झानामिविर श्वासावाटे घेतात. दम्याच्या रुग्णांना ते देत नाहीत. बॅलॉक्झाविरचा एकच डोस पुरतो, पण गरोदरपणात ते टाळतात.

आधीच घेतली तर?
घरात फ्लूचा रुग्ण असेल, तर जास्त धोका असलेल्यांना डॉक्टर ओसेल्टामिविर देऊ शकतात. उपचारासाठी दिवसातून दोनदा, प्रतिबंधासाठी एकदा. तरी ते लसीची जागा घेत नाही. आणि उरलेली अँटिबायोटिक? ती फ्लूच्या विषाणूवर चालतच नाही.