सायकलची चेन व गिअर : जोडणी आणि निगा

स्वाराच्या पायांचा जोर मागच्या चाकापर्यंत नेणारी दातेरी चक्रांची आणि साखळीची यंत्रणा. पेडलांमधले मोठे चेनव्हील, मागच्या हबवरचे फ्रीव्हील किंवा अनेक चक्रांची कॅसेट, दोहोंना जोडणारी चेन आणि गिअरच्या सायकलीत चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा डिरेलर हे तिचे मुख्य भाग होत. मोटारीचे गिअर तेलाने भरलेल्या बंद पेटीत फिरतात. सायकलीचे गिअर उघड्यावर, रस्त्यापासून वीतभर उंचीवर फिरतात. त्यामुळे ही यंत्रणा कोणालाही नुसती पाहून समजते आणि साध्या हत्यारांनी दुरुस्त होते. त्याच कारणाने तिच्यात माती, पाणी, ओढणीचे टोक आणि माणसाचे बोटही सहज जाते. म्हणून चेनची निगा आणि चेनपासूनची सुरक्षितता ही दोन वेगळी कामे मानू नयेत.

सायकल सुरक्षित झाली ती मुळात चेनमुळे. १८७० च्या दशकातील उंच चाकाच्या सायकलीत पेडले थेट पुढच्या चाकाला असत. पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा होई, म्हणून वेग हवा तर चाकच मोठे करावे लागे. स्वार इतका उंच आणि पुढे बसे, की एखाद्या दगडाला चाक अडले तरी तो डोक्यावरून पुढे पडे. हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस अभियंत्याने १८८० मध्ये मँचेस्टरला रोलर असलेल्या चेनचे पेटंट घेतले, आणि १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने मागचे चाक चेनने फिरवणारी ‘रोव्हर’ सायकल आणली. आता वेग चाकाच्या आकारावर अवलंबून राहिला नाही, तो दात्यांच्या प्रमाणावर ठरू लागला. पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक सुमारे २.४४ वेळा फिरते. २८ इंची चाकाची काळी सायकल तेवढ्यात जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाते. नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चरने १९०२ मध्ये हबच्या आत बसणारे तीन गिअर आणले. डिरेलरला मात्र बराच काळ विरोध झाला. तूर द फ्रान्स शर्यतीत त्याला १९३७ पर्यंत परवानगी नव्हती. तोवर चढाच्या पायथ्याशी खाली उतरून, चाक काढून, दुसऱ्या बाजूचे मोठे फ्रीव्हील वापरण्यासाठी ते उलटे बसवण्याची पद्धत होती. प्रत्येक गिअरला खटक्यावर थांबणारी आजची पद्धत शिमानोने १९८४ मध्ये रूढ केली. खंबाटकी किंवा कात्रजच्या घाटात बसून चढणारा आजचा स्वार या सगळ्या खटाटोपाचा लाभार्थी आहे.

चेन झिजते कुठे? चेनच्या लागोपाठच्या दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी असते. हे माप शतकाहून अधिक काळ टिकून आहे. बाहेरच्या पट्ट्यांच्या जोडीत पिन घट्ट ठोकलेली असते, आतल्या पट्ट्या त्या पिनेभोवती हलतात आणि मधला रोलर दात्यांवर टेकतो. ‘चेन ताणली’ असे आपण म्हणतो, पण पोलाद ताणले गेलेले नसते. पिन आणि तिच्याभोवतीची आतली कडा एकमेकींवर घासून झिजतात. प्रत्येक सांध्यात थोडी मोकळीक येते आणि साऱ्या मोकळिकींची बेरीज होऊन चेन लांबते. अर्धा टक्का झीज म्हणजे एका सांध्यामागे अवघे ०.०६ मिमी, केसाच्या जाडीइतके. डोळ्यांनी ते दिसत नाही, म्हणून मोजावे लागते.

मोजण्यासाठी शाळेतली बारा इंची पोलादी पट्टी पुरते. चेन पेडलच्या जोरावर ताणून एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवावे आणि तिच्यापुढची चोविसावी पिन पाहावी. ती नेमकी १२ इंचांवर असेल तर चेन नवीच आहे. ती १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन बदलण्याची वेळ झाली. १/८ इंच पुढे गेली असेल तर बहुधा मागचे दातेही गेले आहेत. लांबलेली चेन दात्यांच्या खोबणीत नीट बसत नाही, ती दात्यांच्या टोकांकडे सरकून त्यांना वाकड्या नखीसारखा आकार आणते. अशा दात्यांवर नवी चेन चढवली की जोर देताच ती घसरते. घसरण्याचा क्षण नेमका स्वार उभा राहून पेडल मारत असतानाचा असतो. पाय एकदम खाली जातो आणि स्वार दांड्यावर किंवा रस्त्यावर आपटतो. चेन स्वस्त आणि कॅसेट महाग असते. वेळेवर चेन बदलणाऱ्याची एक कॅसेट अनेक चेनना पुरते. ज्याला खर्च टाळायचा आहे त्यानेही आधी पट्टीच हातात घ्यावी.

योग्य चेन. पिनांमधले अंतर सर्वत्र सारखे असले तरी रुंदी सारखी नसते. बिनगिअरच्या सायकलीची चेन आतून १/८ इंच, जुन्या गिअरच्या सायकलीची ३/३२ इंच. कॅसेटवरच्या चक्रांची संख्या वाढत गेली तशी चेन बारीक होत गेली. आठ चक्रांची चेन बाहेरून सुमारे ७ मिमी, तर अकरा चक्रांची सुमारे ५.५ मिमी असते. रुंद चेन बारीक चक्रांच्या गटावर चालवली की ती शेजारच्या चक्राला घासते. दुकानात ‘चेन द्या’ म्हणून भागत नाही, मागे किती चक्रे आहेत ते सांगावे लागते.

लांबी ठरवण्यासाठी जुन्या चेनच्या कड्या मोजणे सर्वांत सोपे, फक्त ती लांबलेली असेल तर टोकाला टोक न लावता कड्या खरोखर मोजाव्यात. जुनी चेन हाताशी नसेल तर नवी चेन डिरेलरमधून न घालता सरळ पुढच्या व मागच्या सर्वांत मोठ्या चक्रांवरून फिरवावी, टोके जिथे भेटतील त्यावर एक इंच ठेवून बाकीची काढावी. आखूड चेन ही लांब चेनपेक्षा कितीतरी धोक्याची. चुकून मोठ्यावर मोठे लागले की ती डिरेलरच तोडून नेते.

चेनची टोके जोडण्याच्या तीन रीती आहेत. काळ्या सायकलीत दोन पिना, एक पट्टी आणि वरून सरकवायची क्लिप असे लॉक असते. क्लिपचे मिटलेले टोक चेन ज्या दिशेने जाते तिकडे यायला हवे. म्हणजे लॉक वरच्या बाजूला असताना मिटलेले टोक पुढच्या चाकाकडे. उलट बसवली तर उघडी बाजू कशाला तरी अडकून क्लिप निसटते. रुंद चेनमध्ये कटरने पिन अर्धवट बाहेर ढकलून तीच परत आत घालता येते. बारीक चेनमध्ये असे करू नये, कारण काढलेल्या पिनेची पकड पहिल्यासारखी राहत नाही आणि पट्टी चढावर उलगडते. तिथे नवी जोडपिन किंवा हाताने बसणारी जोडकडी घ्यावी. अनेक बारीक जोडकड्या एकदाच वापरण्यासाठी केलेल्या असतात, तसे वेष्टनावर लिहिलेलेही असते. जोडकडी घालून झाली की मागचा ब्रेक दाबून पेडलवर जोर द्यावा, ती खटकन पूर्ण बसते. जोडलेला सांधा शेजारच्या सांध्यांइतकाच मोकळा वाकतो का तेही बघावे. ताठ सांधा मागच्या चक्रावरून जाताना दर फेऱ्याला झटका देतो.

बिनगिअरच्या सायकलीत ताण मागचे चाक सरकवून ठरवतात. वर-खाली मिळून सुमारे अर्धा इंच हलेल इतकी सैल चेन ठेवावी. चेनव्हील क्वचितच अगदी गोल असते, म्हणून पेडल फिरवत सर्वांत घट्ट जागा शोधून तिथे हे माप घ्यावे. अतिघट्ट चेन हबच्या बेअरिंगचे नुकसान करते, सैल चेन उतरते. चाक सरकवल्यावर दोन्ही बाजूंचे नट आवळण्यापूर्वी टायर फ्रेमच्या मधोमध आहे का हे पाहण्याची सवय असते. ब्रेकचे रबर रिमवर नीट येते का हे पाहायचे मात्र राहून जाते. ते तपासल्याशिवाय सायकल परत देऊ नये.

मागची चक्रे. फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसते. आट्यांना ग्रीस लावून ते आधी हाताने फिरवत न्यावे. वाकडे चढले तर हबच्या आट्या खराब होऊन पूर्ण हब फेकावा लागतो. शेवटचा ताण स्वाराच्या पायांनीच येतो, म्हणूनच काढताना ते इतके जड जाते. कॅसेट खाचांवर सरकते आणि तिची एक खाच वेगळ्या रुंदीची असल्याने ती एकाच प्रकारे बसते. वरचे लॉकरिंग साधारण ४० न्यूटन-मीटर आवळतात, म्हणजे ३० सेंमी पान्ह्याच्या टोकावर साडेतेरा किलोच्या आसपास जोर.

चेनव्हीलजवळ पान्हा चालवताना एक खबरदारी फार थोडे लोक सांगतात. पेडल सोडवताना किंवा आवळताना चेन पुढच्या सर्वांत मोठ्या चक्रावर ठेवावी. पान्हा निसटला की मूठ थेट त्या चक्रावर जाते. दाते चेनखाली झाकलेले असतील तर खरचटते, उघडे असतील तर बोटांचे सांधे चिरतात. डाव्या पेडलच्या आट्या उलट्या असतात हेही ध्यानात असावे, नाहीतर सोडवायला म्हणून लावलेला सगळा जोर पेडल आवळण्यात जातो.

डिरेलर. त्यावर ‘एच’ आणि ‘एल’ अक्षरांचे दोन स्क्रू असतात. ‘एच’ लहान चक्राकडची सीमा ठरवतो, ‘एल’ मोठ्या चक्राकडची. ‘एल’ सैल राहिला तर डिरेलर चालत्या चाकाच्या तारांत शिरतो, तारा तुटतात आणि मागचे चाक जागीच अडकते. ‘एच’ सैल राहिला तर चेन लहान चक्र आणि फ्रेम यांच्यामध्ये रुतते. म्हणून केबल जोडण्याआधीच, डिरेलर हाताने ढकलून, हे दोन्ही स्क्रू बसवावेत. नंतर केबल लावावी आणि गोल फिरकीने ताण जुळवावा. मोठ्या चक्रावर चढायला चेन रेंगाळत असेल तर फिरकी अर्धा फेरा बाहेर, लहानावर उतरायला रेंगाळत असेल तर अर्धा फेरा आत. हे करूनही गिअर जुळत नसतील तर डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो फ्रेमचा कान वाकला आहे का ते मागून पाहावे. सायकल उजव्या कुशीवर पडली की बहुतेक वेळा तोच वाकतो, आणि स्क्रूशी कितीही खटपट केली तरी त्याची भरपाई होत नाही.

साफसफाई आणि तेल. तेलाची गरज चेनच्या आतल्या सांध्यांना असते. बाहेरून चोपडलेले ग्रीस किंवा मोटारीचे जळके तेल धूळ धरून ठेवते, आणि ती धूळ तेलासह आत जाऊन झीज वाढवते. चेन काळी आणि ओलसर दिसते म्हणून तिला तेल मिळाले असे समजू नये. आधी कापडाने पुसून, लागेल तर रॉकेल वा चेन क्लीनरने धुऊन, पूर्ण वाळू द्यावी. रॉकेल स्टोव्ह-समईपासून दूर, मोकळ्या हवेत वापरावे. पेट्रोलने चेन धुणे मात्र सरळ बंद केले पाहिजे, त्याची वाफ दूरच्या ठिणगीनेही पेटते. मग प्रत्येक रोलरवर एकेक थेंब सोडावा, पेडल उलटे फिरवावे, काही वेळ थांबावे आणि बाहेरचे सारे तेल पुसून काढावे. तेल रिमवर किंवा डिस्कवर उडू देऊ नये, तिथला एक ओघळ ब्रेक निकामी करतो.

चेन पुसताना कापड खालच्या बाजूला, दोन्ही चक्रांपासून लांब धरावे आणि पेडल उलटेच फिरवावे. चेन जिथे दात्यांवर चढते तो कोपरा सर्वांत घातक. कापडाचे लोंबते टोक तिथे ओढले जाते आणि मागोमाग बोट. फ्रीव्हील नसलेल्या, म्हणजे चाकाबरोबर पेडल फिरतच राहणाऱ्या सायकलीवर हा धोका अनेक पटींनी वाढतो, कारण फिरते जड चाक बोटासाठी थांबत नाही. तिची चेन पुसताना ती हाताने पुढे सरकवावी, थांबवावी आणि मगच पुसावी. दुरुस्ती चालू असताना लहान मूल जवळ असेल तर पेडल हाताळण्यापूर्वी त्याचे हात कुठे आहेत ते पाहावे. रोजच्या वापरात साडी, ओढणी आणि सैल पायजमा यांच्यासाठी पूर्ण बंद चेन कव्हर हा आजही सर्वांत चांगला उपाय आहे. वजन आणि दिखाव्यापायी ते काढून टाकले जाते, याचे वाईट वाटते.

कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर हा चेनचा खरा कस. पावसातून आल्यावर चेन कोरड्या कापडाने पुसून त्याच दिवशी तेल दिले तर गंज धरत नाही. आठवडाभर तशीच उभी ठेवली तर सांधे ताठ होतात. समुद्राकाठी खारी हवा हेच काम पावसाविनाही करते. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने चेन आणि हब धुऊ नयेत, कारण पाणी बेअरिंगमध्ये शिरते.

नवीन जोडणीनंतर पहिली फेरी रहदारीत नको. मोकळ्या जागेत बसूनच सगळे गिअर एकेक करून लावून पाहावेत, नंतर जोर द्यावा, शेवटी उभे राहून. नव्या केबलचे आवरण पहिल्या काही फेऱ्यांत दबून बसते आणि ताण कमी होतो. खटका चुकू लागला तर फिरकीचा अर्धा फेरा पुरतो, स्क्रूंना हात लावण्याची गरज नसते.