निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रिया : एका संघटनेची नोंद

1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर निपाणीचे नाव महाराष्ट्रात प्रामुख्याने सीमाप्रश्नाच्या संदर्भात घेतले जाऊ लागले. त्या वादात गावांची गणती झाली, भाषकांची टक्केवारी मांडली गेली. मात्र त्याच निपाणीतील तंबाखूच्या वखारींमध्ये राबणाऱ्या स्त्रियांची गणती कोणाच्याच नकाशात नव्हती.

बेळगाव जिल्ह्यातील, तेव्हाच्या चिकोडी तालुक्यातील हे गाव विडीच्या तंबाखूची मोठी बाजारपेठ होय. तंबाखू कुटणे, चाळणे, पाखडणे ही कामे निपाणीतील व आसपासच्या खेड्यांतील स्त्रियांकडे असत. दिवसभर नाकातोंडात जाणारी धूळ, तुटपुंजी मजुरी आणि कामाच्या शाश्वतीचा अभाव हे त्यांचे जिणे होते. किमान वेतनाचा कायदा 1948 पासून अस्तित्वात होता. परंतु कायदा अस्तित्वात असणे आणि तो वखारीच्या दारातून आत येणे यांत मोठे अंतर असते. ते अंतर ओलांडण्यासाठी या स्त्रियांनी 1980 च्या सुमारास संघटनेचा आणि संपाचा मार्ग धरला. घरी नवऱ्याचा, वखारीत मालकाचा धाक सोसणाऱ्या बाया सभेत उभ्या राहून बोलू लागल्या. मजुरीवाढीइतकेच हे बोलणेही महत्त्वाचे मानले पाहिजे.

या बोलण्याची नोंद ठेवली ती दूरच्या बंगळूरने. दीपा धनराज, आभा भैया, नवरोज कॉन्ट्रॅक्टर व मीरा राव यांनी 1980 मध्ये तेथे ‘युगांतर’ हा चित्रपट-समूह स्थापन केला होता. पुण्यातील घरकामगार स्त्रियांवरील ‘मोलकरीण’ (1981) या पहिल्या चित्रपटानंतर समूह निपाणीला आला आणि 1982 मध्ये ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा सुमारे पंचवीस मिनिटांचा मराठी माहितीपट तयार झाला. छायाचित्रकाराचा कॅमेरा थेट वखारीत गेला; स्त्रियांच्या सभा व त्यांची सामूहिक चर्चा त्याने टिपली. रचून ठेवलेला तंबाखू आतल्या आत तापतो. बाहेरून थंड दिसणाऱ्या ढिगाच्या पोटातली ही ऊब त्या स्त्रियांच्या मनःस्थितीलाही तंतोतंत लागू पडते. कन्नड राज्याच्या राजधानीतून आलेल्या बहुभाषक समूहाने सीमाभागातील श्रमिक स्त्रीचे मराठी जसेच्या तसे जपावे, ही घटना भाषिक वादाच्या इतिहासात सहसा नोंदली जात नाही.

पुढे मराठी लेखिका व अभ्यासक छाया दातार यांनी या लढ्याचा सविस्तर अभ्यास केला. 1989 मध्ये तो ‘वेजिंग चेंज’ या इंग्रजी ग्रंथाच्या रूपाने प्रसिद्ध झाला. अलीकडे बर्लिनच्या आर्सेनल संस्थेमार्फत ‘युगांतर’च्या चित्रपटांचे पुनरुज्जीवन होऊन ते नव्या पिढीपुढे आले आहेत.

येथे एक प्रश्न उरतो. ज्यांनी हा इतिहास घडविला, त्यांच्यापैकी बहुसंख्यांच्या हाती लेखणी नव्हती. तो लिहिला व चित्रित केला बाहेरून आलेल्यांनी. तरीही या नोंदी उसन्या वाटत नाहीत, कारण चित्रपटात मुख्य आवाज त्या स्त्रियांचाच आहे. 1981 च्या तंबाखू शेतकऱ्यांच्या आंदोलनामुळे निपाणी देशभर गाजली. त्याच तंबाखूवर हात काळे करणाऱ्या स्त्रियांचा लढा मात्र एका छोट्या चित्रपटामुळे आणि एका ग्रंथामुळे विस्मरणातून वाचला. मराठीच्या सामाजिक इतिहासात त्याला हक्काचे पान मिळणे अद्याप बाकी आहे.