एका रोगाचें नांव

छिन्नमनस्कता म्हणजे एकाच देहांत नांदणारीं दोन माणसें, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. तिचें मूळ रोगांत नसून नांवांत आहे. हायडेलबर्गचे क्रेपेलिन रोग्यांच्या हकीकती कार्डांवर टिपून त्या वर्षानुवर्षें पडताळीत. १८९९ सालीं त्यांनीं उन्माद-विषादाच्या विकारापासून हा विकार वेगळा काढून त्याला 'अकाली बुद्धिनाश' म्हटलें. परंतु स्वित्झर्लंडांतील ऱ्हायनाऊच्या इस्पितळांत रोग्यांच्या सहवासांत बारा वर्षें काढलेल्या ब्लॉयलर यांना तें पटेना. कित्येक रोगी सुधारतांना त्यांनीं पाहिले होते. १९०८ सालीं बर्लिन येथें त्यांनीं ग्रीक शब्दांवरून 'स्किझोफ्रेनिया' हें नांव सुचविलें. विचार, भावना व इच्छा यांचे सांधे निखळणें, एवढाच त्यांचा आशय. लोकांनीं मात्र 'दुभंगणें' तेवढें उचललें, आणि आमच्या मराठी शब्दानें तर तें पक्कें केलें!

हें निदान आजही रक्ताच्या परीक्षेनें होत नाहीं. लक्षणें, त्यांचा काळ व घरच्यांनीं सांगितलेली हकीकत यांवरूनच तें ठरतें. जपानांत तर 'मन दुभंगण्याचा रोग' हें नांव रोग्यापुढें उच्चारण्यास डॉक्टर कचरत. २००२ सालीं तें बदललें. तीन वर्षांत, निदान स्पष्ट सांगितलेल्या रोग्यांचें प्रमाण शेंकडा सुमारें ३७ वरून ७० वर गेलें.