मुंबईत जात विचारत नाहीत म्हणे

गावाकडची पोरं मुंबईत उतरतात. कुणी ६ डिसेंबरला, कुणी परीक्षेला, कुणी नुसतं पोट घेऊन. दादरला उतरली की आधी समुद्र बघायला पळतात. बघावाच. आमच्याकडच्या माणसाला एवढं पाणी एके ठिकाणी, आणि त्याला शिवायला कुणाची आडकाठी नाही, हे पचायला दोन दिवस लागतात. (खारट आहे म्हणून मोकळं ठेवलं असेल, असं आमच्यातले एक बुजुर्ग म्हणत.) डिसेंबरातसुद्धा ऊन लख्ख, हवा दमट, शर्ट पाठीला चिकटलेला. मग कुणीतरी शहर दाखवतं. गेटवे, राणीचा हार, म्हातारीचा बूट. आणि जाता जाता सांगतं की इथं कुणी कुणाला जात विचारत नाही.

हे वाक्य मी बरीच वर्षं ऐकतोय. म्हणून नव्यानं येणाऱ्या दोस्तांसाठी हा मजकूर. या शहराची ओळख करून घ्यायची तर दोनच गोष्टी विचारा. कुणाला कुठलं काम मिळालं आणि कुणाला कुठं खोली मिळाली. सात बेटं, पोर्तुगीज, इंग्रजाला हुंड्यात मिळालेला मुलूख, हे सगळं शाळेच्या पुस्तकात आहे. तिथं वाचा.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. १८५६ साली ताडदेवला पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढं गिरण्या, गोदी, रेल्वेचे कारखाने यांनी कोकणातली, घाटावरची माणसं ओढून घेतली. त्यांत आपली माणसं होतीच. गावात काय होतं? महारकी, दारोदारची शिळी भाकर, मेलेलं ढोर. इथं महिन्याच्या महिन्याला रोख पगार. नोटेवर जात छापलेली नसते. हा फरक लहान नाही, मुंबईला शिव्या घालताना तो विसरू नये. बलुत्याच्या दाण्यातून वर्गणी निघत नव्हती. रोख पगारातून निघाली, आणि वर्गणीतून पत्रक निघालं, सभा झाल्या, परिषदा झाल्या.

पण गिरणीच्या दरवाजातून आत शिरलं की जात उभीच. रिंगखात्यात आपल्याला घेत. साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, घेत नसत. आणि पगार जास्त होता तो तिथं. कारण ऐका. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यायचं. धोट्याला सगळ्यांचीच तोंडं लागणार. सवर्ण कामगाराला तिथं अस्पृश्याची थुंकी चालत नव्हती. त्याच्या शेजारी उभा राहणारा मुसलमान कामगारही या बाबतीत त्याच्याच बाजूचा. बघा म्हणजे, यंत्र विलायतेचं, कापूस वऱ्हाडाचा, मालक पारशी नाहीतर भाटिया, आणि विटाळ मात्र आपल्या गावचा! गाडीत बसून तोही मुंबईला आला, बिनतिकिटाचा.

१९२८ साली गिरण्यांचा मोठा संप झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर, जवळजवळ सहा महिने. पुढारी लाल बावट्याचे, भाषा सगळ्या जगातल्या कामगारांच्या एकीची. बाबासाहेबांनी त्यांच्यापुढं सरळ मागणी ठेवली : साचेखातं अस्पृश्यांना खुलं करा, आणि ही मागणी तुमच्या यादीत घाला. पुढाऱ्यांनी कुरकुरत घातली. मालकांनी काय उत्तर दिलं? हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. मालकाची बाजू घ्यायची मला हौस नाही, पण एवढ्यापुरता तो खोटं बोलत नव्हता. दार आतून लावलेलं होतं आणि कडी कामगाराच्याच हातात होती. आपल्यातले काही दोस्त वर्ग मोठा की जात मोठी यावर रात्र रात्र भांडतात. त्यांनी आधी तो धोटा डोळ्यांपुढं आणावा, मग भांडावं. पुढं ७ नोव्हेंबर १९३८ ला कामगारांचा संपाचा हक्क बांधून टाकणाऱ्या बिलाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला, तेव्हा एकी जमली. म्हणजे जमत नाही असं नाही. पण कडी कुणी काढायची, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

गिरणीतला माणूस अडाणी होता असं कुणी म्हणेल. मग हे घ्या. १९१८ साली बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले. परदेशात शिकून आलेला माणूस. तिथं प्रोफेसरांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, असं काही सहकारी प्रोफेसरांचं म्हणणं पडलं. धोटा आणि माठ, दोन्ही एकाच शहरातले.

काही कामांवर मात्र आपल्याशिवाय दुसरा कुणी नकोच होता. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात हलालखोर कर नावाचा एक कर होता. पाणीपट्टी असते तशी ही मैलापट्टी. कर सगळं शहर भरायचं, मैला उचलायला मात्र गुजरात-काठियावाडातली भंगी माणसं आणि आपली माणसं. कराच्या नावातच जात! कायदे पुढं बदलले, १९९३ साली आणि २०१३ साली हातानं मैला उचलण्यावर बंदीचे कायदे झाले, तरी गटारात गुदमरून मेलेल्या माणसाचं आडनाव वाचा. धारावीच्या टॅनऱ्यांत तामिळ मुलखातल्या तिरुनेलवेलीची अस्पृश्य माणसं मुसलमानांच्या बरोबरीनं कातडी कमवत होती. जवळच वांद्र्याला कत्तलखाना होता, तो १९७१ साली देवनारला गेला. आणि देवनारला काय होतं? १९२७ पासून शहराचा कचरा.

आता खोलीचं.

१८९६ साली प्लेग आला. साहेबाला गरिबाच्या अंधाऱ्या खोल्या दिसल्या त्या तेव्हा, कारण उंदीर फोर्टातही जात होता. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, त्याच्या चाळी म्हणजे बीआयटी चाळी. परळच्या पोयबावडीला त्यातली एक नंबरची चाळ आहे. दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ नंबरच्या दोन खोल्या. १९१२ पासून वीस-बावीस वर्षं बाबासाहेबांचा संसार तिथं होता. नळ सामाईक, संडास सामाईक, बाहेर गॅलरीत रात्रंदिवस आवाज. मूकनायक, बहिष्कृत हितकारिणी सभा, महाड, गोलमेज परिषद, हे सगळं त्या खोल्यांत राहणाऱ्या माणसानं केलं. तुम्ही चैत्यभूमीला रांग लावता, लावाच, पण परळलाही जा. तो जिना चढून बघा. नंतर दादर पूर्वेला हिंदू कॉलनीत राजगृह बघा, म्हणजे पुस्तकांसाठी घर बांधणं म्हणजे काय ते कळेल. त्या राजगृहावर ७ जुलै २०२० ला नासधूस झाली, कुंड्या फोडल्या, काचा फोडल्या. आणि दादर पूर्वेलाच आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण छापखाना होता. तो ट्रस्टच्या वादातून २५ जून २०१६ च्या पहाटे अंधारात पाडला गेला. घर बाहेरच्यानं फोडलं तर आपण रस्त्यावर येतो. छापखान्याच्या बाबतीत आपसातलं भांडण अजून नीट सांगताही येत नाही.

दुसऱ्या चाळी बीडीडीच्या. १९२० साली निघालेल्या डेव्हलपमेंट खात्यानं वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथं बांधल्या. एकट्या वरळीत १२१ चाळी. खोली १६० चौरस फुटांची, तिच्यात आठ-दहा माणसं. जातीजातीनं चाळी भरल्या, अमुक नंबर आपल्या लोकांचा, तमुक नंबर त्यांचा. पोस्टमनला ठाऊक होतं आणि दंगल करणाऱ्यालाही. ५ जानेवारी १९७४ ला पँथरच्या सभेवर दगड आले ते याच चाळींमधून. लोकसभेच्या पोटनिवडणुकीवर पँथरनं बहिष्कार पुकारलेला होता. दंगल पेटली. पोलीस कुणाच्या चाळीत शिरून मारत होते हे त्या वेळच्या माणसांना विचारा, अजून काही आहेत. १० जानेवारीला निषेधाचा मोर्चा निघाला. त्यावर इमारतीवरून टाकलेल्या दगडानं भगवत जाधव गेले. जात विचारत नाहीत म्हणे! विचारायची गरजच नव्हती, चाळीचा नंबर पुरत होता.

आता वरळीत मनोरे उभे राहताहेत. २०२५ साली पहिल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. चांगलं झालं, घर कुणाला नको? पण खाजगी सोसायटीत भाड्यानं खोली बघायला जा. दलाल आधी आडनाव विचारतो, मग मटण खाता का ते विचारतो, मग मालक गावाला गेलेत म्हणून सांगतो. मी स्वतः हे तीनदा ऐकलं आहे. मालक दर वेळी गावालाच.

चैत्यभूमीला लागून इंदू मिल आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचं जे व्हायचं ते झालं, भोंगे बंद पडले, जमिनी सोन्याच्या झाल्या. इंदू मिलची सुमारे १२ एकर जागा स्मारकाला मिळावी म्हणून डिसेंबर २०११ मध्ये कार्यकर्ते आत घुसले, तेव्हा कुठं सरकार हललं. गिरणीच्या जमिनीवर बाबासाहेबांचं स्मारक. तिथं एक धोटा काचेच्या पेटीत ठेवावा, असं मला वाटतं. पुतळ्याची उंची किती यावर सगळे बोलतात, धोट्याचं कुणी बोलत नाही.

एक दिवस जास्त असेल तर मध्य रेल्वेनं घाटकोपरला जा. पूर्वेला महामार्गाच्या कडेला रमाबाई आंबेडकर नगर आहे. ११ जुलै १९९७ ला सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार दिसला, लोक रस्त्यावर आले, आणि राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या. दहा माणसं गेली. चार दिवसांनी मुलुंडला शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःला संपवलं. ज्या शहरात कवनं म्हणत फिरले त्या शहरात त्यांना पुढं जगावंसं वाटलं नाही. वस्तीतल्या माणसांशी बोला, म्हाताऱ्या बाया जास्त सांगतात. पुनर्विकास तिथंही येऊन पोचला आहे, तेव्हा लवकर जा.