रानवेलीचा आंबटपणा आणि ओकचं पिंप



पुतण्या मिनेसोटाहून आला, येताना तिथली रेड वाइन घेऊन आला. मार्क्वेट आणि फ्रॉन्टेनॅक या दोन जातींचं मिश्रण, ओक लाकडाच्या पिंपात मुरवलेलं. मी काही पिणारा माणूस नाही, पण द्राक्षवाला आहे, म्हणून दोन घोट घेतले. वास पिकल्या करवंदाचा, मागनं थोडा मिऱ्याचा. मग जिभेच्या दोन्ही कडांना आंबट झटका. तुरटपणा कमी, तोही बराचसा लाकडाचाच वाटला.

"काका, एवढी आंबट कशी?" पोरानं विचारलं. त्याचं उत्तर दीडशे वर्षं मागं जातं.

१८६० नंतर फ्रान्सात फिलॉक्सेरा आला. मुळं खाणारी मावाजातीची कीड, अमेरिकेतनं आलेली. बागाच्या बागा वाळल्या. वाटा दोन निघाल्या. एक, अमेरिकन खुंटावर युरोपी द्राक्षाचं कलम. आपण डॉगरिजवर थॉमसन भरतो तेच, म्हंजे रान फक्त मुळात. दुसरी वाट संकराची, त्यात रान फळातही उतरतं. फ्रान्सवा बाको नावाच्या शाळामास्तरानं १९०२ मध्ये फोल ब्लांश आणि रिपारिया रानवेलीचा संकर केला, तीच बाको नॉयर.

पण १९३४ मध्ये फ्रान्सनं सहा अमेरिकन रक्ताच्या जातींवर कायद्यानं बंदी घातली. चव वाईट, तब्येतीला वाईट, असं सांगितलं गेलं. तेव्हा वाइनचा नुसता महापूर होता, भाव पडले होते. माझ्या मते खरं दुखणं तिथं होतं. लहान शेतकऱ्याला फवारणी परवडत नव्हती, त्याची जात गेली.

मिनेसोटात मात्र संकराशिवाय इलाजच नव्हता. तिथं युरोपी वेल हिवाळ्यात खाली पाडून मातीत पुरावी लागते. एल्मर स्वेन्सन हा विस्कॉन्सिनचा शेतकरी १९४३ पासून स्वतःच्या रानात संकर करत बसला, पुढं विद्यापीठात कामाला लागला. विद्यापीठानं १९९६ ला फ्रॉन्टेनॅक आणली. आईबापांत एक फ्रान्सची संकरित लँडो, दुसरी जॉर्डन गावाजवळची रिपारिया रानवेल. २००६ ला मार्क्वेट, ही पिनो नॉयरची नात. दोघी उणे ३० अंशाच्या खालीही तगतात.

आता हिशोब बघा. फ्रॉन्टेनॅक २६ ब्रिक्सला येते तरी लिटरला १५ ग्रॅमच्या आसपास आम्ल राहतं. थंडी सोसणाऱ्या रिपारियाचाच तो वारसा. तुरट द्रव्य मुळात कमी, त्यात गरातली प्रथिनं ते धरून बसतात. म्हणून वाइनवाले जिवाणू लावून कच्च्या सफरचंदातलं आम्ल दह्यातल्या मवाळ आम्लात बदलतात. कमी आंबट मार्क्वेट मिसळतात, आणि जो तुरटपणा सालीनं दिला नाही तो ओककडनं उसना घेतात. पिंप नवं असलं आणि जास्त दिवस ठेवलं तर फळाचा वास झाकतो. या बाटलीत तसं झालेलं नव्हतं.

पोरानं बूच लावून बाटली ठेवली. दुसऱ्या दिवशी मटणाबरोबर परत एक घोट घेतला. आंबटपणा तेवढाच होता, पण रश्श्यासोबत चांगला लागला.