राज्य बुद्धिबळ संघटना : वार्षिक कारभार
महाराष्ट्रात राज्य बुद्धिबळ संघटनेचा वार्षिक कारभार सर्वसाधारण सभा, हिशेबतपासणी आणि धर्मादाय आयुक्तांकडील कागदपत्रे यांत गुंतलेला दिसला, तरी त्याचा प्राण निवड स्पर्धांच्या वेळापत्रकात आहे. जिल्हा, राज्य आणि मग अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची (स्थापना १९५१) राष्ट्रीय स्पर्धा, ही शिडी प्रत्येक वयोगटाला दरवर्षी नव्याने चढावी लागते. जिल्ह्याची तारीख लांबून शाळेच्या परीक्षेवर आली, तर लहान गावातले मूल आधी गळते. ऑनलाइन खेळामुळे संघटना अनावश्यक झाल्या, हा आक्षेप टिकत नाही. ‘फिडे’ या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचे मानांकन पंचांच्या देखरेखीखालील डावांवरच मिळते; स्विस पद्धतीने जोड्या लावणारे, घड्याळे तपासणारे, दोघांच्या सह्यांच्या स्कोअरशीट गोळा करणारे पंच संघटनांच्या स्पर्धांतच तयार होतात. प्रवेशशुल्काबद्दलची तक्रार मात्र रास्त आहे. सभागृहाचे भाडे, पंचांचे मानधन, बक्षिसे यांचा भार त्यावरच पडतो. म्हणून ताळेबंद पालकांनाही पाहता आला पाहिजे.